पहिल्या ओळीचे भाडे कोण भरतो?

सहलीची सुरुवात आता आरक्षणाच्या खिडकीपासून नव्हे, तर मोबाइलवरच्या शोधापासून होते. त्या शोधाच्या पानावर वरची जागा कुणाला मिळते, कशी मिळते आणि तिची किंमत अखेर कुणाच्या खिशातून जाते, हे घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या पहाडगंजकडील बाजूला, पहिल्या मजल्यावर, परदेशी प्रवाशांसाठी रेल्वेचे आरक्षण कार्यालय आहे. त्या जिन्यापाशी एक माणूस वर्षानुवर्षे उभा असे. दरवेळी चेहरा वेगळा, पण बोलणे तेच. पाठीवर पिशवी घेतलेला नवखा प्रवासी दिसला की तो मोठ्या आपुलकीने सांगे, ‘‘ते ऑफिस बंद झाले साहेब. नवे ऑफिस कॅनॉट प्लेसला आहे. चला, मी रिक्षा करून देतो.’’ कॅनॉट प्लेसच्या आसपास एखाद्या दुकानावर ‘टूरिस्ट इन्फर्मेशन’ अशी ठळक पाटी असे. आत गेलेला प्रवासी बाहेर येईपर्यंत त्याच्या गळ्यात महागडी काश्मीरची सहल पडलेली असे. गाइड-पुस्तकांत या प्रकाराचे इशारे छापून येत, तरी माणसे फसत.

या दलालाकडे ना गाडी होती, ना हॉटेल, ना तिकीट. त्याचे भांडवल एकच होते, आणि ते म्हणजे त्याची उभे राहण्याची जागा. खऱ्या दारापर्यंत पोचण्याआधी प्रवाशाला गाठायचे, एवढेच त्याचे कसब होते.

आज प्रवासी स्टेशनवर उतरण्याच्या कितीतरी आधी गाठला जातो. नाशिकचे एखादे कुटुंब घ्या. आजीची चारधामची इच्छा आहे, वाटेत दोन दिवस दिल्ली पाहायची आहे. जेवणे आटोपल्यावर सगळे मोबाइलभोवती बसतात. मुलगी टाइप करते, ‘दिल्ली स्टेशनजवळ चांगले हॉटेल’. क्षणात पान उघडते. ‘‘बाबा, पहिलेच घेऊ या ना. पहिले आहे म्हणजे चांगलेच असणार,’’ ती म्हणते.

पहिले आहे म्हणजे चांगले, हा समज कितपत खरा आहे? दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा या पट्ट्यात प्रवासाच्या धंद्यातले हजारो लोक ज्या एका जागेसाठी दिवसरात्र झगडत असतात, ती नेमकी हीच पहिली ओळ आहे.

एका पानावर दोन याद्या

शोधाचे पान वरवर एकसंध दिसते, पण त्यावर दोन निरनिराळ्या याद्या असतात. एक पैशाची, दुसरी पुण्याईची.

पुण्याईची यादी आधी पाहू. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेत गूगल कंपनी काढली. त्यांची मूळ कल्पना साधी होती. एखाद्या वेबसाइटकडे इतर किती साइट बोट दाखवतात आणि बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची पत काय, यावरून तिची योग्यता ठरवायची. गावात नवा डॉक्टर शोधताना आपण चार जाणत्या माणसांना विचारतो, तसाच हा प्रकार. पुढे या हिशेबात इतर असंख्य गोष्टी आल्या. पानावरची माहिती प्रश्नाला धरून आहे का, पान मोबाइलवर चटकन उघडते का, माणूस कुठून विचारतो आहे, असे सारे पाहिले जाऊ लागले. या यादीत वर येण्यासाठी साइटची जी मशागत करावी लागते, तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा थोडक्यात एसईओ म्हणतात. येथे गूगलला पैसे देऊन क्रम मिळत नाही.

दुसरी यादी जाहिरातींची. १९९८ मध्येच बिल ग्रॉस यांच्या गोटू या अमेरिकन कंपनीने शोधाच्या शब्दांवर बोली लावण्याची पद्धत बाजारात आणली. गूगलने २००० साली आपली जाहिरात योजना सुरू केली आणि २००२ मध्ये तिला लिलावाचे रूप दिले. ‘दिल्ली हॉटेल’ हे शब्द कुणी टाइप केले की त्याच क्षणी यंत्राच्या पोटात एक लिलाव होतो. ज्यांनी त्या शब्दांवर बोली लावून ठेवली आहे त्यांच्या बोलीचा आकडा आणि जाहिरातीचा दर्जा यांचा मेळ घालून क्रम ठरतो. गिऱ्हाइकाने जाहिरातीवर बोट टेकवले की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात, मग त्या गिऱ्हाइकाने पुढे खोली घेवो वा न घेवो.

या दोन याद्यांमधली भिंत फार पातळ आहे. जाहिरातीच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो, तेवढाच काय तो फरक. दुपारच्या उन्हात, एका हातात सामान आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून टॅक्सी शोधणाऱ्या माणसाची नजर त्या शब्दावर कशी जाणार?

पन्नास बोटे आणि एक खोली

आता थोडा हिशेब मांडू. समजा, पहाडगंजमधल्या वीस खोल्यांच्या एका हॉटेलवाल्याने ‘नवी दिल्ली स्टेशनजवळ हॉटेल’ या शब्दांवर जाहिरात दिली. प्रत्येक वेळी बोट टेकवण्याचे त्याला तीस रुपये पडतात. बोट टेकवणाऱ्या पन्नास जणांपैकी एक जण प्रत्यक्ष खोली घेतो. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे पंधराशे रुपये जाहिरातीत गेले. खोलीचे भाडे दोन हजार असेल, तर चादरी धुणाऱ्याला, वीजबिलाला आणि मालकाला मिळून उरले पाचशे.

याच शब्दांवर एखादी मोठी ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनी बोली लावते तेव्हा तिचे गणित निराळे असते. तिच्या पानावर एक नव्हे, शेकडो हॉटेले असतात. आलेला माणूस त्यातले एखादे तरी पसंत करण्याची शक्यता जास्त. तोच माणूस पुढे विमानाचे तिकीट काढील, परतीची बस घेईल. त्यामुळे तिला तीसच काय, साठ रुपयेही परवडतात. लहान हॉटेलवाला लिलावात हरतो तो त्याची खोली वाईट म्हणून नव्हे, तर त्याच्याकडे विकायला फक्त स्वतःच्या खोल्या आहेत म्हणून.

मग तो शहाणपणाने काय करतो? मोठ्या कंपनीच्या यादीत नाव घालतो. समजा वीस टक्के कमिशन ठरले, तर दोन हजारांतले चारशे तिकडे जातात. पंधराशेपेक्षा चारशे केव्हाही बरे. म्हणून आराकशान रोडपासून महिपालपूरपर्यंतची लहान हॉटेले या कंपन्यांच्या यादीत दिसतात.

दिल्ली परिसर या धंद्याची राजधानी सहज झाला नाही. रेल्वेच्या आयआरसीटीसीने ३ ऑगस्ट २००२ रोजी इंटरनेटवरून तिकीट विक्री सुरू केली आणि मध्यमवर्गीय माणसाला पडद्यावर पैसे भरण्याची सवय लागली. दीप कालरा यांनी २००० साली काढलेली मेकमायट्रिप आधी अमेरिकेतल्या भारतीयांना मायदेशाची विमान तिकिटे विकत होती. २००५ मध्ये ती भारतातल्या गिऱ्हाइकांकडे वळली आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात पोचली. यात्रा २००६ साली, इक्सिगो २००७ साली, ईझमायट्रिप २००८ साली, तर रितेश अग्रवाल यांची ओयो २०१३ साली याच पट्ट्यात उभी राहिली. या कंपन्यांनी प्रवाशाचे काम खरोखरच सोपे केले, हे मान्य केले पाहिजे. कोल्हापुरात बसून दिल्लीतल्या खोलीचा फोटो पाहावा, दहा ठिकाणचे दर ताडून पाहावेत, ही सोय पूर्वी कुठे होती? ओळखीच्या कुणाचा तरी पत्ता घेऊन जायचे आणि मिळेल ती खोली घ्यायची, हीच रीत होती.

पण सोयीबरोबर सत्ताही येते. आपल्या यादीतल्या हॉटेलांनी इतर बुकिंग साइटवर किंवा स्वतःच्या साइटवर कमी दराने खोली विकू नये, अशी अट मेकमायट्रिप आणि तिच्यात २०१७ साली सामील झालेली गोआयबिबो यांच्या करारांत होती. हॉटेलचालकांच्या महासंघाने आणि ट्रीबो हॉटेले चालवणाऱ्या कंपनीने तक्रार केली. दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल देताना मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, शिवाय असल्या अटी करारातून काढायला सांगितले. आदेशाला पुढे अपिलात आव्हान देण्यात आले. मात्र गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्यातला मुद्दा लाखमोलाचा आहे. हॉटेलला स्वतःच्या दारात स्वस्त दर देण्याचीच बंदी असेल, तर दर ताडून पाहण्यात अर्थ काय उरला?

नावाचाच लिलाव

‘दिल्ली हॉटेल’ हे शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत, त्यांच्यावर बोली लागली तर कुणाची तक्रार नसावी. पण एखाद्या दुकानाच्या नावावरच दुसऱ्याने बोली लावली तर?

हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात आला तो मेकमायट्रिपच्याच रूपाने. गूगलवर ‘मेकमायट्रिप’ असे टाइप केले की बुकिंग डॉट कॉम या मूळच्या नेदरलँड्समधल्या कंपनीची जाहिरात दिसते, अशी तिची तक्रार होती. आमचे नाव घेऊन आमच्याकडे निघालेले गिऱ्हाईक वाटेतच वळवले जाते, असा तिचा युक्तिवाद. २७ एप्रिल २०२२ रोजी एक सदस्यीय पीठाने अंतरिम आदेश देऊन त्या नावाचा जाहिरातीचा शब्द म्हणून वापर थांबवला.

दरम्यान अशाच दुसऱ्या प्रकरणात, सामान हलवणाऱ्या अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या नावावरून चाललेल्या वादात, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह जाहिरातीचा शब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच चिन्हाचा भंग होत नाही. मात्र त्यातून गिऱ्हाइकाचा गोंधळ होत असेल किंवा त्या नावाच्या पतीचा गैरफायदा घेतला जात असेल, तर भंग होऊ शकतो. आणि अशा वेळी ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ असे सांगून गूगलला हात झटकता येणार नाहीत, कारण जाहिरातीच्या या व्यवहारात गूगलचा स्वतःचा सक्रिय भाग आहे.

याच सूत्रावर १४ डिसेंबर २०२३ रोजी खंडपीठाने मेकमायट्रिपच्या बाजूचा अंतरिम आदेश रद्द केला. बुकिंग डॉट कॉम हे स्वतःच एक सुपरिचित नाव आहे. तिची जाहिरात पाहून ती मेकमायट्रिपचीच सेवा आहे असे कुणाला वाटण्याचा संभव नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात हस्तक्षेप केला नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१० साली गूगलच्याच एका खटल्यात जवळपास असाच दंडक घालून दिला होता. सामान्य, सावध माणसाला जाहिरात कुणाची आहे ते कळते की नाही, हीच कसोटी.

निकालाचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. सरळसरळ फसवणूक नसेल, तर अमुक दुकानाचे नाव टाइप केले तरी वर तमुक दुकान दिसू शकते, आणि कायद्याला ते चालते. सावध राहण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

हजारो कोटींची उलाढाल असलेली कंपनी आपल्या नावासाठी मोठमोठे वकील उभे करू शकते. वीस खोल्यांच्या हॉटेलचे काय? त्याच्या नावावर बुकिंग साइटची जाहिरात दिसणे, ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. जुना गिऱ्हाईक हॉटेलचे नाव टाइप करतो, वरच्या जाहिरातीवर बोट टेकवतो आणि थेट फोनवर झाला असता तो सौदा कमिशनवर जातो. म्हणून अनेक लहान मालकांना स्वतःच्याच नावावर स्वतः बोली लावावी लागते. आपल्या घराच्या पाटीचे भाडे आपणच भरावे, तसा हा प्रकार. आणि कोणत्याही धंद्यात भाडे वाढले की ते शेवटी मालाच्या किमतीत उतरते. खोलीच्या बिलात ‘पहिल्या ओळीचे भाडे’ असा रकाना नसतो, पण ते भरतो मुक्कामाला आलेला प्रवासीच.

चौकीदारानेच दुकान मांडले तर?

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. शोधाचे पान चालवणारा स्वतःच प्रवासाच्या धंद्यात उतरला तर? गूगलने विमान तिकिटांची माहिती हाताळणारी आयटीए सॉफ्टवेअर ही अमेरिकन कंपनी ७० कोटी डॉलरला घेतली. तो व्यवहार २०११ साली पुरा झाला. पुढे विमानाचा शोध घेणाऱ्याला पानावर गूगलचाच दरांचा चौकोन ठळक जागी दिसू लागला.

२०१२ साली भारत मॅट्रिमनी चालवणारी कंपनी आणि कट्स ही ग्राहक संस्था यांनी स्पर्धा आयोगाकडे तक्रारी केल्या होत्या. ८ फेब्रुवारी २०१८ रोजी आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाने दोष दाखवलेल्या गोष्टींत हा विमान तिकिटांचा चौकोनही होता. गूगलने त्याविरुद्ध अपील केले. चूक-बरोबर न्यायालये ठरवतील, पण प्रवाशाने एवढे ओळखावे की पंचाच्या खुर्चीत बसलेल्याचेही त्या सामन्यात हितसंबंध असू शकतात.

आता तर यादीच्याही वर यंत्राने स्वतः लिहिलेले उत्तर येऊ लागले आहे. भारतात गूगलने ही सोय २०२४ मध्ये आणली. ‘दिल्लीत दोन दिवसांत काय पाहावे’ असे विचारले की यंत्र सगळा कार्यक्रमच आखून देते. प्रश्न विचारणाऱ्याचे काम होते, पण ज्यांच्या लेखांतून ती माहिती आली त्यांच्या दारापर्यंत तो पोचेलच असे नाही.

लहान माणसाला काय करता येईल?

मग लहान हॉटेलवाल्याने, टॅक्सीवाल्याने किंवा सहली काढणाऱ्याने हात टेकून बसावे काय? मुळीच नाही. पुण्याईची यादी अजून शिल्लक आहे, आणि तिच्यात लहान माणसालाही जागा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करणे. ही नोंद फुकट असते. ‘तुमची नोंद रद्द होईल, इतके पैसे भरा’ असा फोन आला तर तो खुशाल ठेवून द्यावा. नोंदीत नाव, पत्ता आणि फोन नेमके असावेत आणि सगळीकडे एकसारखे असावेत. पाटीवर एक नाव, नकाशावर दुसरे, बिलावर तिसरे, असे असले की माणूसही गोंधळतो आणि यंत्रही.

दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक जे विचारते, त्याचे सरळ उत्तर आपल्या पानावर देणे. ‘दिल्लीतील सर्वोत्तम आलिशान हॉटेल’ असे शंभर वेळा लिहिण्यापेक्षा ‘स्टेशनपासून चालत सात मिनिटे, लिफ्ट आहे, आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर दोन खोल्या, पहाटे चारला आलात तरी दार उघडेल’ हे शब्द अधिक कामाचे. मोठी कंपनी हजारो हॉटेलांविषयी एकाच साच्यात लिहिते. पण कोणत्या गल्लीत रिक्षा शिरत नाही आणि मराठी माणसाला वरणभात कुठे मिळेल, हे त्या गल्लीतल्यालाच ठाऊक असते. हीच माहिती मराठीत लिहिली, तर मराठीत शोधणाऱ्यापर्यंत ती पोचण्याचा संभव अधिक, कारण तिथे गर्दी कमी आहे.

तिसरी गोष्ट अभिप्रायांची. खूश होऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘दोन ओळी लिहा’ म्हणून विनंती करण्यात गैर काही नाही, पण विकत घेतलेली स्तुती अंगाशी येते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. त्यात विकत घेतलेल्या आणि बनावट अभिप्रायांना मज्जाव आहे. मानक ऐच्छिक असले, तरी त्यामागचा शहाणपणा सक्तीचा समजावा. एखाद्याने वाईट लिहिले तर भांडू नये. ‘गरम पाणी सकाळी आले नाही हे खरे, गीझर बदलला आहे’ असे नम्र उत्तर पुढचे दहा जण वाचतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे हमी देणाऱ्यांपासून दूर राहणे. ‘महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे सांगणारे फोन लहान धंदेवाल्याला सतत येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. हे हमीवाले बरेचदा इतर साइटकडून विकत बोटे दाखवून घेतात किंवा पानात एकच शब्द कोंबतात. अशा युक्त्यांना आळा घालण्यासाठी गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचे बदल केले आणि जगभरातल्या असंख्य साइट एका रात्रीत खाली घसरल्या. उसने घेतलेले पुण्य असे अचानक संपते.

जिन्यापाशी उभा असलेला माणूस

आतापर्यंत बोललो ते निदान खऱ्या धंदेवाल्यांबद्दल. पण जेथे जागा विकत मिळते तेथे ठगही ती विकत घेऊ शकतो.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे अधिकृत बुकिंग २०२३ पासून आयआरसीटीसीकडे आहे. त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या साइट निघाल्या. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने देशभर इशारा दिला की खोट्या वेबसाइट, समाजमाध्यमांवरची खोटी पाने आणि सर्च इंजिनवरच्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती यांतून यात्रेकरूंना लुबाडले जात आहे. केदारनाथ आणि चारधामचे हेलिकॉप्टर, तीर्थक्षेत्रांची निवासस्थाने, टॅक्सी, सहली या सगळ्यांची नावे त्या इशाऱ्यात होती. पैसे भरले की पावतीही येते. लबाडी उघड होते ती थेट हेलिपॅडच्या दारात, जेव्हा सत्तर वर्षांच्या आजीचे नाव यादीत सापडत नाही. पैसे गेले त्याहून जन्मभराची इच्छा अशी दारातून परतते, याचे दुःख मोठे.

दुसरा प्रकार फोन नंबरचा. तिकिटाचा परतावा मिळाला नाही म्हणून माणूस ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. सापडलेला पहिला नंबर ठगाचा असतो. तो गोड बोलून एक ॲप उतरवून घ्यायला लावतो किंवा ओटीपी विचारतो आणि खाते रिकामे होते. कोणत्याही खऱ्या कंपनीला परतावा देण्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही, एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

बुकिंग करण्यापूर्वी

• पानावरची पहिली नोंद उघडण्याआधी तिच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ लिहिले आहे का ते पाहा. जाहिरात म्हणजे खोटेपणा नव्हे, पण ती जागा विकत घेतलेली आहे हे ध्यानात असू द्या.

• पत्ता नीट वाचा. ‘डॉट को डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ याच्या लगेच आधी जे नाव असते, तोच खरा मालक. ‘हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’ हे आयआरसीटीसीचे. पण ‘आयआरसीटीसी डॉट अमुक डॉट कॉम’ असे असेल तर तो मालक ‘अमुक’ होय.

• रेल्वे, हेलिकॉप्टर, देवस्थानाचे भक्तनिवास अशा ठिकाणी शोधावर विसंबू नका. अधिकृत पत्ता एकदा खात्री करून वहीत लिहून ठेवा आणि तोच स्वतः टाइप करा. चारधामची नोंदणी उत्तराखंड सरकारच्या पर्यटन विभागाच्या साइटवरच करा.

• बुकिंग साइटवर हॉटेल आवडले तर पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट फोन करून दर विचारा. नंबर दोन ठिकाणी ताडून पाहा. कधी तोच दर मिळेल, कधी कमी. निदान तळमजल्याची खोली मागून घेता येईल.

• फक्त पाच तारे देणारे अभिप्राय वाचू नका. तीन तारे देणाऱ्यांचे वाचा. खरे गुणदोष तेथे सापडतात.

• ‘फक्त १ खोली शिल्लक’ अशा घाईला बळी पडू नका. खोटी घाई, न विचारता विमा गळ्यात घालणे, शेवटच्या पायरीवर दर वाढवणे, जाहिरातीला बातमीचा वेश देणे अशा तेरा युक्त्यांना सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक नियमांनी बंदी घातली आहे.

• अनोळखी व्यक्तीच्या खासगी खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पूर्ण रक्कम आगाऊ भरू नका.

• फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा. जितका उशीर कमी, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. सेवेतल्या त्रुटीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

नाशिकच्या त्या घरात मुलीचे बोट अजून पहिल्या ओळीवरच आहे. ‘‘थांब जरा,’’ आजी म्हणते. ‘‘तो वर बारीक काय शब्द लिहिला आहे तो वाच आधी.’’

पूर्वी घरातली वडीलधारी माणसे सांगत, परक्या गावात स्टेशनवर जो आपणहून पुढे येतो त्याच्याबरोबर जाऊ नये. चार पावले चालावे, एखाद्या दुकानदाराला विचारावे, मग ठरवावे. स्टेशन बदलले, सल्ला तोच आहे. बोटाने चार पावले खाली उतरून पाहायला पैसे पडत नाहीत. आणि खाली कुठेतरी, सहाव्या-सातव्या ओळीवर, एखादा प्रामाणिक हॉटेलवाला कुणाची तरी वाट पाहत असतो.